खुर्ची उलटी करून पाहा

1950 ते 1970 या काळातलं फर्निचर, चिनी मातीची भांडी आणि घरगुती वस्तू जमवायचं मनात असेल, तर एक गोष्ट सुरुवातीलाच धरून चाला. डेन्मार्कमध्ये किंवा अमेरिकेत त्या काळी बनलेल्या खुर्चीखाली बऱ्याचदा कारखान्याचा शिक्का सापडतो, आणि आराखडा कोणाचा, साल कोणतं, हे जुन्या कॅटलॉगांतून ताडून पाहता येतं. आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंवर नावच नसतं. मासिकातलं चित्र पाहून सुताराने घडवलेला टीपॉय, हप्त्यावर आणलेलं तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल, बँकेच्या कचेरीतून लिलावात निघालेली वेताच्या बैठकीची खुर्ची, यांच्यावर कोणी सही केलेली नाही. म्हणून इथल्या संग्राहकाला दोन गोष्टी यायलाच हव्यात: वस्तूची बांधणी वाचणं आणि ती कुठून आली याची नोंद ठेवणं. दोन्ही शिकता येतात आणि शिकायला पैसे लागत नाहीत.

आधी ओळख. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य घरांतलं फर्निचर झपाट्याने बदललं. कोरीव नक्षी गेली. पाय बारीक, खाली निमुळते आणि किंचित बाहेर कललेले झाले. कपाट किंवा सोफा जमिनीवर बसकण मारण्याऐवजी उचलून धरल्यासारखा दिसू लागला. लाकडाचा मूळ रंग झाकायचा नाही, जोड लपवायचा नाही, हा आग्रह आला. प्लायवूड वाकवून, लोखंडी नळी वळवून, फायबरग्लास साच्यात ओतून बैठका तयार होऊ लागल्या. हान्स वेगनर यांची विशबोन खुर्ची 1949ची, चार्ल्स आणि रे ईम्स यांची आरामखुर्ची 1956ची, आर्न याकोबसेन यांची सीरिज सेव्हन 1955ची. तिन्ही आजही कारखान्यांतून बनतात आणि विकल्या जातात.

भारतात हे वारं अनेक दारांनी शिरलं. मुल्कराज आनंद यांनी 1946 साली मुंबईतून ‘मार्ग’ हे नियतकालिक सुरू केलं, त्यात आधुनिक घराची आणि वास्तुरचनेची चर्चा होऊ लागली. 1951पासून चंदीगड उभं राहू लागलं. 1958 साली ईम्स दांपत्याने भारत सरकारला डिझाइनविषयीचा आपला अहवाल दिला. साध्या लोट्याच्या घडणीवर त्यांनी त्यात जे लिहिलं आहे, ते जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावं. 1959मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पाश्चात्त्य डिझाइनचं प्रदर्शन भारतात फिरवलं. 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि 1964मध्ये जॉर्ज नाकाशिमा तिथे फर्निचरचं काम करायला आले. हेच नाकाशिमा 1930च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या वसतिगृहाच्या बांधकामावर होते.

पण खरा प्रसार झाला तो अनामिक सुतारांच्या हातून. मुंबई-पुण्यात सिमेंटचे लहान फ्लॅट झाले, त्यांत वाड्यातला अवजड पलंग आणि घडवंची मावेना. हलका दिवाण, निमुळत्या पायांचा टीपॉय, रेडिओसाठी वेगळं स्टूल, काचेची शोकेस, सनमायकाचं डायनिंग टेबल, हे मध्यमवर्गाचं नवं सामान ठरलं. माझ्या मते मराठी संग्राहकाने सुरुवात इथूनच करावी. चंदीगडच्या खुर्च्यांची नावं लिलावात गाजतात म्हणून पहिल्या खरेदीतच त्यांच्या मागे लागू नये. ज्या वस्तूची भाषा घरातल्या मोठ्यांना येते, त्या वस्तूबद्दल विचारायला माणसं हाताशी असतात.

इथे एक घोळ हमखास होतो. जुन्या बाजारात आर्ट डेको आणि त्यानंतरची ही शैली एकाच नावाखाली विकली जाते. मुंबईत आर्ट डेको 1930च्या दशकात जोरात होती. 1937 साली टाउन हॉलमध्ये भरलेल्या आयडियल होम प्रदर्शनाने ती घराघरांत पोचवली. गोलाकार जड कोपरे, पायऱ्यापायऱ्यांची रचना, चकचकीत विनिअर, जमिनीला टेकलेला भरीव तळ, ही त्या काळाची लक्षणं. पाय बारीक झाले आणि तळाखालून झाडू फिरू लागला, की आपण 1950च्या पुढे आलो असं ढोबळमानाने समजावं. मधल्या वर्षांतल्या, दोन्हींचे गुण घेतलेल्या वस्तूही भरपूर आहेत आणि मला त्या विशेष आवडतात, कारण सुताराच्या हाताने जुनं सोडताना कुठे अडखळत वळण घेतलं ते त्यांत दिसतं.

आता बांधणी. कोणतीही खुर्ची दाखवली, की आधी ती उलटी करा. दुकानदार समोरून पुसून, पॉलिश मारून ठेवतो. खालची बाजू तो सहसा सोडून देतो. तिथे लाकूड उघडं असतं. साठ वर्षं हवा खाल्लेला साग वरून करडा-तपकिरी पडतो आणि हा रंग सगळीकडे सारखा नसतो. जिथे हात लागत होता तिथे गडद, जिथे धूळ साचली तिथे फिकट, दोन तुकडे एकमेकांवर टेकले होते तिथे जवळजवळ मूळ रंगाचा. नव्या लाकडाला काळपट रंग फासून जुनं केलेलं असेल, तर तो रंग सांध्याच्या आतपर्यंत आणि स्क्रूच्या डोक्याखालीही सारखाच उतरलेला दिसतो. एखादा स्क्रू काढायची परवानगी मागा आणि त्याच्या खालची जागा बघा. प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही.

स्क्रूचं डोकंही बोलतं. आपल्याकडे त्या काळी आडव्या एका खाचेचे स्क्रू सर्रास वापरले जात. 1955ची म्हणून दाखवलेली खुर्ची सगळीच्या सगळी अधिक चिन्हाच्या स्क्रूंनी जोडलेली असेल तर संशय घ्यावा. मधे दुरुस्ती झाली असू शकते, पण मग जुन्या स्क्रूंची भोकं कुठेतरी बुजवलेली दिसायला हवीत. पुढचे पाय आणि बैठकीची चौकट जिथे मिळते तो कोपरा हाताने चाचपा. चांगल्या सुताराने तिथे कूस काढून ती भोकात बसवलेली असते, वर एखादी लाकडी खुंटी मारलेली असते. फक्त खिळे आणि डिंकावर उभी असलेली खुर्ची साठ वर्षं सहसा टिकत नाही. टिकली असेल तर ती वापरातली नव्हती किंवा जुनीच नव्हती.

साग ओळखायला आडवा काप पाहावा, म्हणजे पायाचा खालचा तळवा. सागाच्या वाढीच्या वर्तुळांत मोठ्या छिद्रांच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हाताला तो किंचित तेलकट लागतो आणि ताजं खरवडलं तर कातड्यासारखा उग्र वास येतो. शिसव त्याहून जड, जांभळट तपकिरी, मधे काळ्या रेघा. फिकट पांढरट पट्टा दिसला तर तो झाडाच्या बाहेरच्या थरातला कोवळा भाग. कीड पहिली तिथे लागते. बारीक गोल भोकं असतील तर खाली एक पांढरा कागद पसरा, लाकडावर हलकेच थापटा आणि पीठ पडतं का ते पाहा. भोकांच्या कडा गडद आणि कोरड्या असतील तर कीड जुनी. आतून फिकट रंग दिसत असेल आणि पीठ पडत असेल तर ती अजून आत जिवंत आहे. अशी वस्तू इतर लाकडी सामानाजवळ आणूच नये.

प्लायवूड म्हणजे हलक्या दर्जाचं, असा समज सोडून द्या. त्या काळातल्या कितीतरी चांगल्या वस्तू प्लायवूडवर विनिअर लावून झाल्या आहेत आणि तो त्या शैलीचाच भाग आहे. कडा बघा. लाकडाची पट्टी नीट बसवलेली असेल, विनिअरच्या रेषा दारावरून दारावर सलग जात असतील, तर घडवणाऱ्याने जीव लावला होता. भुशापासून दाबून केलेला बोर्ड आत दिसला तर वस्तू अलीकडची असण्याची शक्यता मोठी. गादीत काथ्या, कापूस किंवा स्प्रिंगा सापडल्या तर आनंद माना. फोम सापडला म्हणजे मात्र खोटं ठरत नाही, गाद्या बदलल्या जातातच.

चंदीगडबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण लोक त्याच खुर्चीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. ल कॉर्बुझिएने शहराचा आराखडा केला आणि कामावर देखरेख त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी केली. जानरे 1965पर्यंत तिथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ, वसतिगृहं, सरकारी बंगले, सगळ्यांसाठी टेबल-खुर्च्या हव्या होत्या. जानरे, युली चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडे केले आणि तिथल्या सुतारांनी साग आणि शिसवीत ते घडवले. कंपासासारखे उलट्या इंग्रजी व्हीच्या आकाराचे पाय आणि वेताची बैठक, ही त्यांतली सगळ्यात ओळखीची खुर्ची. एकाच नमुन्याची कामं वेगवेगळ्या कारागिरांकडे गेल्यामुळे मापांत थोडाथोडा फरक पडतो; दोन अस्सल खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात.

पुढे या वस्तू मोडकळीला आल्या, गच्चीवर ढीग झाले, सरकारी खात्यांनी त्या भंगारात काढून लिलावात विकल्या. युरोपातल्या विक्रेत्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि जगातल्या मोठ्या लिलावगृहांत त्यांना प्रचंड भाव आला. अमेरिकन कलाकार एमी सीगल यांनी 2013 साली ‘प्रॉव्हेनन्स’ या चित्रपटात हा प्रवास उलट्या दिशेने, संग्राहकांच्या घरापासून चंदीगडपर्यंत टिपला आहे. त्याआधीच, या वस्तू बाहेर जात असल्याचं लक्षात आल्यावर, 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखण्याचे आदेश दिले. म्हणून कोणी तुम्हाला ‘चंदीगडची ओरिजिनल’ म्हणून खुर्ची दाखवली, तर पहिला प्रश्न किमतीचा नको. ती सरकारी लिलावातून कधी आणि कोणत्या कागदावर बाहेर पडली, हा प्रश्न विचारा. कागद नसेल तर दोनच शक्यता उरतात: ती नक्कल आहे, किंवा जिथून निघायला नको होती तिथून निघाली आहे. दोन्ही परिस्थितींत घेऊ नका.

अशा खुर्च्यांच्या पाठीवर खात्याचं संक्षिप्त नाव आणि क्रमांक रंगवलेला असतो. नक्कल करणाऱ्यांना हे माहीत आहे आणि पांढऱ्या रंगाने चार अक्षरं काढायला मिनिटभर पुरतं. तेव्हा अक्षरांपेक्षा झीज पाहा. खरी झीज हातांच्या टोकांवर, पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवतात तिथे, आणि पायांच्या तळाशी फरशीवर ओढल्याने झालेली असते. यंत्राने घासलेली खोटी झीज सगळीकडे सारखी असते, मुळात हात-पाय पोचत नाहीत तिथेही असते. तुम्हाला त्या आकृतीचं आकर्षण असेल आणि बसायला खुर्ची हवी असेल, तर नव्याने घडवलेली, नवी म्हणूनच विकली जाणारी आवृत्ती घ्या. बंगळुरूच्या फँटम हँड्सने ती निष्ठेने बनवली आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता कायद्याची बाजू. 1950-60च्या खुर्चीला शंभर वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे 1972च्या पुरावशेष कायद्यातली ‘पुरावशेष’ ही व्याख्या तिला लागत नाही. पण परदेशी राहणाऱ्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. शिसवीची अख्खी जात 2017पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे, आणि ब्राझीलची शिसव तर 1992पासून सर्वांत कडक यादीत. आजीचं शिसवी कपाट न्यू जर्सीला न्यायचं असेल तर सामान बांधण्याआधी परवानगीची चौकशी करा. बंदरावर अडकलेल्या कंटेनरचं भाडं कपाटाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतं.

वस्तू मिळतात कुठे? मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेचा रिलीफ रोड, म्हणजे ओशिवरा फर्निचर बाजार, हा सगळ्यात मोठा. मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार लहान वस्तूंसाठी चांगला: दिवे, घड्याळं, कचेरीतली लोखंडी सामग्री, रेडिओ. शुक्रवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुमा बाजार भरतो, त्याला पहाटे गेलात तरच काही हाती लागतं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवारचा. या सगळ्या ठिकाणी सुरुवातीला काही न घेता नुसतं हिंडा, हात लावून पाहा, उलटं करून पाहा. विक्रेत्यांना असं गिऱ्हाईक ओळखीचं झालं, की ते होऊन सांगू लागतात की माल कोणत्या घरातून आला. त्यांचं ज्ञान मोठं आहे आणि त्याची कदर करणाऱ्याला ते मोकळेपणाने देतात.

मात्र सगळ्यात मोठा साठा अजून घरांत आहे आणि तो वेगाने संपतो आहे. मुंबई-पुण्यात सोसायट्या आणि चाळी पुनर्विकासाला जात आहेत. भाड्याच्या तात्पुरत्या घरात जुनं सामान मावत नाही, नव्या घरात इंटीरियरवाला ते ठेवू देत नाही, आणि पन्नास-साठ वर्षं एका जागी असलेलं कपाट एका दुपारी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं. तुमच्या ओळखीत, नात्यात असं घर हलत असेल तर आधी जाऊन भेटा. वस्तू मागण्याआधी तिची गोष्ट मागा. “काकू, हे टेबल कुठून घेतलं होतं? कोणी बनवलं?” एवढं विचारलंत, की सुताराचं नाव, गल्ली, लग्नाचं साल, त्या वेळी दिलेले रुपये, सगळं निघतं. काही घरांत पावती निघते. 1962 साली गिरगावातल्या एखाद्या दुकानातून घेतलेल्या सोफ्याची मूळ पावती मिळाली, तर ती सोफ्याइतकीच जपून ठेवा.

आणि त्यांना खरं सांगा. वस्तूला बाजारात किंमत आहे हे तुम्हाला माहीत असेल तर वयस्कर माणसाकडून ती ‘अडगळ घेऊन जातो’ म्हणून उचलणं अप्रामाणिक आहे. योग्य पैसे द्या, किंवा त्यांना स्वतः विकायला मदत करा. संग्राहकांच्या वर्तुळात अशा गोष्टी लपत नाहीत.

किंमत ठरवताना फक्त वस्तूचा भाव धरू नका. टेम्पो, हमाली, वेत विणणं, पॉलिश, गादी, सगळं मिळवून आकडा काढा. बऱ्याचदा दुरुस्ती खरेदीपेक्षा महाग पडते. आणि विकत घेण्याआधी आपल्या इमारतीची लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. सलग घडवलेलं साइडबोर्ड तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, की ते कापण्यावाचून इलाज राहत नाही.

लाकडाबरोबर लोखंडाकडेही बघा. गोदरेजचं स्टोरवेल कपाट 1923पासून बनतं आहे आणि मराठी घरातल्या सगळ्यांत दीर्घायुषी वस्तूंपैकी ते एक आहे; जुनं घेताना खालचे चार कोपरे, दारांच्या बिजागऱ्या आणि कडी तपासा. फरशी पुसताना पाणी साचून गंज आधी तळाला लागतो. दार स्वतःहून उघडत असेल तर कपाट पिळलेलं आहे किंवा नुसतंच असमान फरशीवर उभं आहे. कागदाची घडी पायाखाली सरकवून बघितलं की उलगडा होतो. मूळ रंग शाबूत असेल तर त्यावर नवा रंग चढवू नका, खरचटलेला चालेल. गोदरेजनेच 1955 साली भारतीय बनावटीचा टंकलेखन यंत्राचा नमुना आणला. त्यातलं मराठी कळफलकाचं यंत्र चालू स्थितीत मिळालं तर नक्की घ्या. ठाण्याच्या मर्फीचे रेडिओही मोठ्या संख्येने टिकून आहेत. रेडिओ घेताना लाकडी पेटी, समोरचं कापड आणि पट्टीवरची काच मूळ असणं महत्त्वाचं; आतलं यंत्र दुरुस्त करणारा अजून सापडतो.

चिनी मातीच्या भांड्यांत मात्र घाई नको. प्रत्येक भांडं एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या नखाने काठाशी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अखंड, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. मग उजेडाकडे तिरकं धरून झिलई पाहा. झिलईतल्या बारीक भेगांची जाळी वयामुळे येते आणि शोभेच्या वस्तूत ती दोष नाही. काठाचा टवका भरून त्यावर रंग मारलेला असेल तर बोटाला तो भाग थोडा उबदार आणि मऊ लागतो, आजूबाजूची झिलई गार लागते. अतिनील टॉर्च स्वस्तात मिळतो, त्याखाली नवी भर बहुधा वेगळी चमकते.

आपल्या घरोघरी सापडणारी वस्तू म्हणजे तपकिरी-पांढरी बरणी. सौराष्ट्रातल्या थान, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात अशा बरण्या बनत. परशुराम पॉटरीचा शिक्का असलेल्या बरण्या मुंबई-कोकणात अजून दिसतात. तळाचा किंवा अंगावरचा शिक्का, मूळ झाकण आणि अखंड काठ, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तर बरणी घ्यावी. लोक तिला फार सामान्य समजतात. पण आकार बघा: खांद्याला तपकिरी, पोटाला पांढरा, कुठेही अनावश्यक रेघ नाही, हात आत जाईल एवढं तोंड, झाकणावर फडकं बांधायला खोबण. लोट्यात ईम्सना जे दिसलं, ते या बरणीतही आहे. याउलट स्टुडिओत घडवलेली मातीची भांडी हवी असतील, तर गुरुचरण सिंग यांनी 1952मध्ये सुरू केलेल्या दिल्ली ब्लू आर्ट पॉटरीपासून वाचायला सुरुवात करा. रंगीत झिलईच्या जुन्या भांड्यांत लोणचं, चिंच, दही असं आंबट काही ठेवू नका. त्या काळच्या काही झिलईत शिसं असे आणि आंबट पदार्थात ते उतरतं.

मुंबईशी जोडलेली एक दुर्मीळ वस्तूही इथे सांगायला हवी. 1967 साली एअर इंडियाने साल्वादोर दाली यांच्याकडून ॲश-ट्रे करवून घेतला. लिमोज पोर्सेलिनचा, मधे शंख, कडेने सर्प, आणि आधाराला हत्तीची मस्तकं व हंस. हंस उलटा केला की हत्ती दिसतो. सुमारे पाचशेच निघाले आणि ते प्रवाशांना भेट दिले गेले. मोबदल्यात दालींनी हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते स्पेनला पाठवलं. कोणाच्या तरी कपाटात, नाव न कळता, असा एखादा आजही असेल.

परदेशात राहून जमवणाऱ्यांसाठी थोडक्यात: डॅनिश वस्तूंवर ‘डॅनिश फर्निचर मेकर्स कंट्रोल’चा गोल शिक्का शोधा, विशबोनच्या बैठकीत कागदी दोर असतो, नायलॉन दिसला तर विचारणा करा, आणि ईम्सच्या सर्वांत आधीच्या फायबरग्लास खुर्च्यांच्या कडेत दोर गुंफलेला दिसतो. बाकी माहिती त्या देशांत भरपूर आणि नीट छापलेली आहे.

घरी आणल्यावर पहिला मोह पॉलिशचा होतो. तो आवरा. सुतार पटकन म्हणतो, “साहेब, घासून नवी करून देतो.” घासली की साठ वर्षांचा रंग गेला, कडांचा धारदारपणा गेला, आणि विनिअर असेल तर तेही फाटलं, हे परत मिळत नाही. आधी किंचित ओल्या, सौम्य साबणाच्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. मग न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. थर मऊ होऊन चिकट झाला तर ते चपड्याचं जुनं पॉलिश आहे. ते जिथे विरळ झालं तिथे तेवढ्याच जागी चपड्याचा हात मारणारा पॉलिशवाला शोधा. असे कारागीर थोडे उरले आहेत, पण आहेत. पीयू कोटिंगचा प्लॅस्टिकसारखा थर या लाकडांवर देऊ नका. वर्षातून एकदा मेण पुरतं.

वेत सैल पडला असेल तर लगेच नवा विणायला टाकू नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं दाबून धरा, वेत भिजू द्या आणि सावलीत वाळवा. बराचसा ताण परत येतो. पावसाळ्यात ड्रॉवर फुगून अडकतात तेव्हा रंधा मारू नका. घसपट्टीवर मेणबत्ती चोळा आणि दिवाळीपर्यंत थांबा, ते आपोआप सुटतात. फर्निचर बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. एसीच्या थेट झोतात जुनं विनिअर ठेवलं तर ते सुकून उचकटतं.

आणि आता नोंद. एक वही घाला. प्रत्येक वस्तूसाठी तारीख, कोणाकडून, कोणत्या गावातून किंवा पेठेतून, किती रुपयांना, मूळ मालकाने काय सांगितलं, काय दुरुस्त केलं आणि कोणी केलं, हे लिहा. वरून, खालून, मागून आणि सांध्यांचे जवळून फोटो काढा. दुरुस्तीत काढलेला जुना स्क्रू, वेताचा तुकडा, गादीच्या कापडाची चिंधी पाकिटात घालून वस्तूचा क्रमांक टाका. ऐकीव माहिती आणि कागदाने सिद्ध झालेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. “सुतार बहुधा कोकणातला, मालकीणबाईंच्या आठवणीनुसार” असं लिहिलेलं वाक्य “कोकणातल्या सुताराने केलेलं” यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. या काळातल्या मराठी घरांच्या फर्निचरवर नीट लिहिलेलं फार थोडं आहे. कोणत्या सुताराने कोणत्या वर्षी काय घडवलं, त्याची दिशा तुमच्या वहीतल्या अशा नोंदींतूनच लागेल. तेव्हा काही विकत घेणार नसाल, तरी तुमच्या घरात आज उभ्या असलेल्या जुन्या खुर्चीची पहिली नोंद या आठवड्यात करा, आणि ती कोणी आणली हे ज्यांना आठवतं त्यांना समोर बसवून करा.